पेंद्या, कुब्जा आणि रंगभूमीचा न्याय

काल्याच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात सर्वांत आधी हशा पिकतो तो पेंद्याच्या सोंगाला. एक पाय ओढीत, बोबडे बोलत तो श्रीकृष्णाच्या मागून येतो. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडविण्यात तो पुढे, त्यांच्या डोईवरचे लोणी मागण्यात पुढे आणि त्यांच्याशी लाडीगोडी करण्यातही पुढे. परंतु गौळणींचा लटका राग, रुसवा आणि कटाक्ष हे सारे कृष्णाच्या वाट्याला येते; पेंद्याच्या वाट्याला येते ते केवळ हसू. गोव्यातील गवळणकाला घ्या, सप्ताहाच्या समाप्तीचे काल्याचे कीर्तन घ्या किंवा देशावरील तमाशातली गवळण घ्या; भाषा बदलेल, चाल बदलेल, पण पेंद्याचा हा हिशेब बदलत नाही.

ह्याच कृष्णकथेत वाकड्या देहाचे दुसरे एक पात्र आहे. ते म्हणजे मथुरेची कुब्जा. पेंद्या पुरुष आहे, कुब्जा स्त्री. पेंद्या अखेरपर्यंत लंगडाच राहतो. कुब्जा भगवंताच्या स्पर्शाने सरळ होते. ह्या दोन पात्रांना आमच्या प्रेक्षकांनी शतकानुशतके पाहिले आहे. परंतु व्यंग असलेल्या देहालाही कामभावना असते, ह्या साध्या गोष्टीचे आमच्या रंगभूमीने काय केले, असा प्रश्न ह्या दोघांना समोर ठेवून क्वचितच विचारला गेला आहे. कामाची चर्चा सभ्य लेखणीला शोभत नाही अशी एक समजूत आहे, आणि अपंगांविषयी लिहायचे तर ते दयेने लिहावे अशी दुसरी. शास्त्रकारांना ह्यांपैकी कोणतीही अडचण वाटली नव्हती. त्यांनी कामाला पुरुषार्थांत स्थान दिले, आणि अंधाच्या व पांगळ्याच्या संसाराचाही विचार केला. तेव्हा आम्हीही संकोच न करता हा विषय मांडावा हे बरे.

आरंभ भरतमुनींपासून करणे योग्य होईल. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांची कारणे सांगितली आहेत. हास्याची कारणे मोजताना विचित्र वेष, निर्लज्जपणा, असंबद्ध बडबड ह्यांच्या पंक्तीला भरताने व्यंगाचे दर्शनही बसविले आहे. उलट शृंगाराविषयी त्याचे म्हणणे असे की जगात जे जे शुद्ध, उज्ज्वल आणि पाहण्याजोगे असेल त्याला शृंगाराची उपमा द्यावी. ह्याच ठिकाणी तो आणखी एक मार्मिक गोष्ट सांगून जातो. शृंगारातून हास्य उत्पन्न होते. शृंगाराची जी नक्कल, तेच हास्य. ही तीन विधाने एकत्र वाचली म्हणजे रंगभूमीचा अलिखित कायदा हाती येतो. सुंदर देहाने प्रेम केले तर तो शृंगार. तेच प्रेम वाकड्या देहाने केले तर ती शृंगाराची नक्कल, म्हणून ते हास्य. पेंद्याच्या लाडीगोडीला प्रेक्षक हसतात ते त्यांच्या मनात दुष्टावा असतो म्हणून नव्हे. ह्या कायद्याच्या वळणावर त्यांची दृष्टी घडली आहे म्हणून.

भरताने व्यंगाची उपेक्षा केली असे मात्र कोणी म्हणू नये. पात्रांच्या चाली सांगताना लंगड्याची चाल, खुज्याची चाल, अंधाने जमिनीवर पाय घसटीत व हातांनी चाचपत चालण्याची रीत त्याने बारकाईने वर्णिली आहे. विदूषकाचे रूप सांगताना तो खुजा, दंतुर, कुबडा, टकला आणि पिंगट डोळ्यांचा असावा, असेही त्याने सुचविले आहे. म्हणजे नाट्यात व्यंगाला जागा भरपूर होती. फक्त ती जागा नायकाच्या शेजारची होती, नायकाची नव्हती. दुसरी जागा अंतःपुरात. सातव्या शतकातील श्रीहर्षाच्या रत्नावली नाटिकेत तबेल्यातून वानर सुटतो तेव्हा राजवाड्यात जी धांदल उडते तिचे चित्र पाहावे. षंढ पळतात, खुजा कंचुकीच्या झग्यात शिरतो, कुबडे आणखी वाकून हळूहळू सरकतात. राणीवशात ह्या मंडळींची नेमणूक का होत असे? त्यांच्यापासून धोका नाही, असे राजा धरून चालला होता म्हणून. षंढांच्या बाबतीत ह्या समजुतीला काही आधार तरी होता. कुबड्याला आणि खुज्याला त्यांच्याच ओळीत बसविताना त्यांच्या मनात काय असेल हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. एकीकडे हसण्याचा विषय, दुसरीकडे निर्धोक पहारेकरी. ह्या दोन खुर्च्यांखेरीज तिसरी खुर्ची संस्कृत रंगभूमीने व्यंगासाठी सहसा मांडली नाही.

पेंद्याकडे पुन्हा वळू. मराठी परंपरेचे ह्या बाबतीत एक ऋण मान्य केले पाहिजे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाच्या पदरी असतो; पेंद्या कृष्णाच्या पंगतीत बसतो. संतांच्या काल्याच्या अभंगांत तो देवाचा जिवलग सवंगडी आहे. त्याची शिदोरी देव खातो, त्याचे उष्टे देवाला चालते, आणि देवाने त्याचा पाय सरळ करावा असे कोणाच्या मनातही येत नाही. सख्यभक्तीला पायाचे वाकडेपण आड येत नाही, हा ह्या चित्राचा अर्थ होय. तो थोर आहे. परंतु सख्याची पंगत उठली आणि गौळणींची वाट सुरू झाली की हाच पेंद्या पुन्हा भरताच्या कायद्याखाली येतो. मैत्री त्याला मिळाली. प्रीती मागितली की मंडप हसतो.

कुब्जेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. भागवताच्या दशमस्कंधातील बेचाळिसाव्या अध्यायात ती येते. तीन ठिकाणी वाकलेली म्हणून तिचे नाव त्रिवक्रा. ती कंसाची दासी. उटणी सिद्ध करण्यात निष्णात. वाटेत रामकृष्ण भेटतात, कृष्ण उटणे मागतो, ती देते. मग कृष्ण तिच्या पावलांवर आपली पावले दाबून, दोन बोटांनी हनुवटी धरून तिला वर उचलतो, आणि ती सरळ व रूपवती होते. त्यानंतर ती त्याच्या उत्तरीयाचा पदर ओढून त्याला घरी चलण्याची विनंती करते. कृष्ण हसून पुढे येण्याचे वचन देतो. ते वचन अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात उद्धवाला बरोबर घेऊन तो पाळतो.

कीर्तनात हे आख्यान रंगते ते दोन बोटांच्या त्या चमत्काराने. कीर्तनकार कमरेत वाकतो, मग ताठ होतो, झांजा वाजतात, आणि श्रोत्यांच्या मनावर ठसते की देवाने आधी तिला सरळ केले आणि मग ती त्याच्यावर प्रेम करण्यास पात्र झाली. परंतु मूळ ग्रंथाची वाक्ये दस्तऐवजासारखी क्रमाने वाचली तर निराळेच दिसते. कृष्णाचे रूप, त्याची कोवळीक, त्याचे हसणे, बोलणे आणि पाहणे ह्यांनी तिचे मन जिंकले गेले, ही गोष्ट भागवतकाराने उटणे देण्याच्या वेळीच नोंदविली आहे. तेव्हा ती वाकलेलीच होती. म्हणजे इच्छा आधीची आणि उपचार नंतरचा. उपचारानंतर घडले ते इतकेच की त्या इच्छेला वाचा फुटली. वाकलेल्या देहात जे होतेच ते बोलण्याची परवानगी सरळ देहाला मिळाली. आणि ती मिळाल्यावरही सुटका नाही. पुढे तिच्या घरी तिचा मनोरथ पुरविला जातो तेव्हा, साक्षात मोक्षाचा दाता हाती आला असता हिने हे काय मागितले, म्हणून शुकमुनी तिला अभागी म्हणतात. नंतरच्या काळात उत्तरेकडील पदांतून गोपींनी तिला घातलेली दूषणे तर प्रसिद्धच आहेत. ज्या सूरदासांना परंपरा अंध मानते त्यांच्याही भ्रमरगीतात कुबडीवरचे टोमणे आहेत.

पेंद्या लंगडा राहिला तरी चालला. कुब्जेला मात्र सरळ व्हावे लागले. हा भेद कोठून आला? ह्याचे उत्तर आम्हांला पुराणांपेक्षा धर्मशास्त्रात अधिक स्पष्ट मिळते, आणि ते आमच्या व्यवसायाच्या वाटेवरच पडलेले आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात षंढ, पतित, जन्मांध, बधिर, वेडा, मूढ, मुका आणि इंद्रियहीन ह्यांना वारशात हिस्सा नाही असे सांगितले आहे. त्यांना आमरण अन्नवस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असेही पुढे म्हटले आहे. याज्ञवल्क्याने पांगळ्याचे आणि असाध्य रोग्याचे नाव ह्या यादीत घातले. हा भाग बहुतेक वकिलांना पाठ आहे. त्याच्या लगतचा भाग मात्र थोड्यांच्या ध्यानात राहतो. ह्या लोकांना पत्नीची इच्छा झाली तर, असे म्हणून मनू पुढे त्यांच्या अपत्यांना वारसाहक्क देतो. याज्ञवल्क्यही त्यांच्या निर्दोष पुत्रांना हिस्सा आणि त्यांच्या सद्वर्तनी पत्नींना पोटगी देतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने आणखी एक सूक्ष्म नियम सांगितला. वाटणीनंतर औषधोपचाराने व्यंग नाहीसे झाले तर त्या मनुष्याला त्याचा हिस्सा मिळावा. हे सर्व एकत्र मांडले असता काय दिसते? धनासाठी बरे होण्याची अट होती. पत्नीसाठी ती नव्हती. शास्त्राने अंधाची मिळकत काढून घेतली, पण त्याला पत्नीची इच्छा होऊ शकते ही गोष्ट नाकारली नाही; तिला हसलेही नाही. ह्या एका मुद्द्यावर स्मृतिकार रंगभूमीपेक्षा उदार ठरतात.

पण ही उदारता पुरुषापुरती. कन्येविषयी तोच मनू निराळ्या भाषेत बोलतो. तिसऱ्या अध्यायात अधिक अवयवाची व रोगी कन्या वरू नये असे तो सांगतो, आणि आठव्या अध्यायात दोष लपवून कन्या देणाऱ्या पित्याला दंड ठरवितो. पुरुषाचे व्यंग त्याच्या वारशाचा प्रश्न झाले. स्त्रीचे व्यंग देण्याघेण्याच्या वस्तूतला दोष झाले. वस्तूतला दोष आधी दूर व्हावा लागतो, मगच व्यवहार पुरा होतो. कुब्जेच्या हनुवटीला लागलेल्या त्या दोन बोटांमागे भक्तीचा चमत्कार आहे हे आम्ही मानतोच. पण कीर्तनाच्या श्रोत्याला तो चमत्कार इतका आवश्यक का वाटत आला, ह्याचे कारण ह्या व्यवहारात आहे.

कुब्जेला न्याय मिळाला तो आमच्या काळात, आणि तोही सीमाभागातील एका कवयित्रीकडून. बेळगावच्या इंदिरा संत (१९१४–२०००) ह्यांची 'कुब्जा' ही कविता वाचकांच्या परिचयाची असेल. राधा आणि गोकुळ झोपलेले असता अवेळी पैलतीरावर पावा वाजतो, आणि तो एकटी कुब्जा ऐकते, एवढाच तिचा प्रसंग. त्या कवितेत दोन बोटांचा चमत्कार नाही, शुकमुनींचा अभिप्राय नाही आणि गोपींचे टोमणेही नाहीत. कुब्जा सरळ झाली की नाही हे विचारण्याची गरज वाचकाला भासत नाही. तो सूर आपल्यासाठी आहे असे तिने मानले, आणि कवितेने ते मान्य केले. हजारो वर्षांच्या कथेत जो क्रम लागला होता तो येथे मोडला.

तथापि कविता वाचायची असते, आणि आमचा प्रश्न रंगभूमीचा आहे. आतापर्यंतच्या सर्व नाट्य-उदाहरणांत एक गोष्ट समान आहे ती वाचकांच्या ध्यानात आली असेल. सोंग वाकडे, पण सोंग घेणारा सरळ. पेंद्याचा पाय काला संपला की नीट पडतो. कीर्तनकाराची कंबर आख्यान संपण्यापूर्वीच ताठ होते. ज्याचा पाय खरोखर लंगडा आहे तो मुलगा मंडपाच्या कडेला बसून हे सोंग पाहत असतो. त्याच्या देहाची नक्कल रंगमंचावर आहे, तो स्वतः नाही. मग देह जेव्हा खरा असतो तेव्हा काय घडते?

ह्याचे एक विलक्षण उदाहरण आमच्याच संतपरंपरेत आहे. अमरावती जिल्ह्यातील माधान येथील श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे वर्षाच्या आतच दृष्टीला मुकले. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी जो व्यासंग केला त्यामुळे लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. १८९६ साली त्यांचा विवाह झाला. ते गृहस्थाश्रमी होते. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या मानीत. पुढे कात्यायनीव्रत करून त्यांनी श्रीकृष्णाला पती म्हणून वरले, आणि त्या भावाची खूण म्हणून मंगळसूत्र, कुंकू ही सौभाग्यलक्षणे उघडपणे धारण केली. भक्तमंडळी त्यांना मधुराद्वैताचे आचार्य म्हणतात. ह्या भक्तीला लौकिक कामाच्या मापाने मोजण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि आमचा तो हेतूही नाही. आम्ही इकडे लक्ष वेधतो ते एवढ्यासाठी की पुरुषाच्या अंध देहावर शृंगाराची सर्वांत ठळक चिन्हे चढली असता त्या काळातील वऱ्हाडातले लोक हसले नाहीत. त्यांनी नमस्कार केला. भरताचा कायदा अटळ नाही, हे ह्यावरून सिद्ध होते. पाहणाऱ्याच्या दृष्टीत आदर असेल तर व्यंगाच्या दर्शनाने हास्य उत्पन्न होत नाही. पण हेही खरे की हा आदर संताला मिळाला. सामान्य अंध मनुष्याला तो मिळण्यासाठी आधी संत व्हावे लागावे, ही अटदेखील कुब्जेच्या दोन बोटांसारखीच कठीण आहे.

रंगमंचावरचे उदाहरण पाहायचे तर नर्तिका सुधा चंद्रन ह्यांचे घ्यावे. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा एक पाय कापावा लागला. जयपूरच्या कृत्रिम पायावर सराव करून १९८४ साली मुंबईत त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. भरतनाट्यम् हे नायिकेच्या भावावर उभे असलेले नृत्य. विरह, मान, अभिसार हे त्याचे विषय. पण त्यांच्याविषयी जे गौरवाने लिहिले गेले ते बहुतेक जिद्दीविषयी. वाचकांनी वीररस पाहिला, शृंगाराचा विचार केला नाही. स्तुतीतही एक प्रकारची अट लपलेली असते ती अशी. अपंगाने शूर असावे, म्हणजे आम्ही टाळ्या वाजवू.

हा प्रश्न एकट्या आमच्या समाजाचा नाही. युरोप-अमेरिकेच्या रंगभूमीवरही कुबड्या राजापासून विदूषकापर्यंत सारी सोंगे सरळ देहाच्या नटांनीच वठविली होती, आणि तेथे ह्या रीतीला छेद देणारे उद्योग गेल्या अर्धशतकात झाले. १९८० साली इंग्लंडात नबील शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन ह्यांनी अपंग नटांची ग्रेआय नावाची नाटकमंडळी स्थापिली. एकच डोळा आणि एकच दात आळीपाळीने वापरणाऱ्या ग्रीक पुराणातील तीन बहिणींवरून हे नाव घेतले आहे. १९९१ साली लंडनमध्ये कँडोको ही नृत्यमंडळी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी सेलेस्ट डँडेकर ह्या १९७३ साली रंगमंचावर नृत्य करतानाच पडून अपंग झालेल्या नर्तिका. ॲडम बेंजामिन हे त्यांचे सहसंस्थापक. चाकांच्या खुर्चीवरील नर्तक आणि पायांवरचे नर्तक ह्या मंडळीत एकत्र नाचतात. दोन देह एकमेकांच्या आधाराने झुकतात, उचलले जातात, दूर होतात. नृत्यात जोडी म्हणून जे काही असते ते सर्व त्यात येते, आणि खुर्ची हा त्या जोडीचाच एक अवयव होतो.

आमच्या विषयाला सर्वांत जवळचा उद्योग अमेरिकेतला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे २००६ पासून 'सिन्स इन्व्हॅलिड' ह्या नावाने प्रयोग होऊ लागले. पॅट्रिशिया बर्न आणि लिरॉय मूर हे त्याचे आरंभकर्ते. दोघेही स्वतः अपंग. ह्या प्रयोगांचा विषयच मुळी व्यंग असलेल्या देहाचे सौंदर्य आणि त्याची कामभावना हा आहे. कवी, नर्तक व नट आपापला देह घेऊन रंगमंचावर येतात आणि आपल्या इच्छेविषयी स्वतःच बोलतात. काळ्या वर्णाचे, आणि समलिंगी म्हणून दुहेरी उपेक्षा झालेले कलावंत त्यात अग्रभागी असतात. नावातली खोच वकिलाला विशेष जाणवते. इंग्रजीत 'इन्व्हॅलिड' ह्या एकाच शब्दाचे उच्चार बदलून दोन अर्थ होतात. एक दुर्बल वा अपंग मनुष्य, आणि दुसरा कायद्याने रद्दबातल ठरलेली गोष्ट. एखादा दस्त अवैध ठरावा तसा मनुष्यच अवैध ठरविला गेला आहे, आणि त्याची इच्छा हे पाप मानले गेले आहे. त्या नावाने हे दोन्ही आरोप आरोपींनी स्वतःच्या तोंडाने वाचून दाखविले आणि प्रेक्षकांपुढे फेटाळले.

रंगमंचावरील ह्या प्रयोगांत आणि पेंद्याच्या सोंगात नेमका फरक कोणता? लंगडेपणाचा नव्हे, तो दोहोंकडे आहे. शृंगाराचाही नव्हे, तोही दोहोंकडे आहे. फरक इतकाच की येथे बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, हे दोघे एक आहेत. न्यायालयात ऐकीव पुराव्याला सहसा जागा नसते. ज्याने पाहिले व भोगले त्यानेच साक्ष द्यावी असा नियम आहे. व्यंगाच्या कामभावनेविषयी आमच्या रंगभूमीने आजवर ऐकीव साक्षच घेतली. प्रत्यक्ष साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे केले की हास्याचे कारणच नाहीसे होते, कारण नक्कल उरत नाही. भरताच्या व्याख्येप्रमाणेच नक्कल नसेल तर तो शृंगार होय. त्याच्या ग्रंथाचा आधार न सोडता त्याच्या कायद्याचे असे परिवर्तन होऊ शकते.

ह्यावर देवस्थानांशी संबंधित वाचकांकडून एक आक्षेप येईल, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. देवळाचा मंडप हे अशा विषयांचे स्थान आहे काय? आमचे उत्तर असे की शृंगार मंडपात आम्ही नव्याने आणीत नाही. गौळणींची वाट तेथेच अडविली जाते. जयदेवाचे गीतगोविंद पुरीच्या जगन्नाथासमोर गायिले गेले. गोव्यातील देवळांत कलावंत घराण्यांतील गायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवासमोर पदे म्हटली, आणि उत्सवी नाटकांत नायक-नायिकांचे प्रणयप्रसंग महाजनांच्या साक्षीने पहाटेपर्यंत रंगत आले. मंडपाने शृंगाराला कधी मज्जाव केला नाही. मज्जाव होता तो काही देहांना. आणि तो मज्जाव देवाने केला असे म्हणावे तर पेंद्याला पंगतीत घेणारा आणि कुब्जेच्या घरी दिलेल्या शब्दाप्रमाणे जाणारा देव कोणता होता, ते सांगावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की हा केवळ करमणुकीचा प्रश्न आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला? परंतु मंडपात जे हास्यास्पद ठरते ते घरात आणि कचेरीतही हास्यास्पद ठरते, आणि त्याचे परिणाम देहावर होतात. १९९४ साली पुण्यात, एका सरकारी संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यावर देशभर वाद उठला. मासिक पाळीच्या वेळी त्यांची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे त्याचे कारण सांगितले गेले. त्या मुलींच्या देहाला काही भविष्य असू शकेल ही कल्पनाच ज्या समाजाला शिवत नाही, त्या समाजात असा निर्णय सहज घेतला जातो.

कायदा ह्या बाबतीत रखडत का होईना, पण पुढे आला आहे. १९२८ च्या कायद्याने मिताक्षरेखालील हिंदूंमध्ये, जन्मतः वेडा वा मूढ असणाऱ्याखेरीज, व्यंगामुळे वारसा नाकारणे बंद झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो अपवादही पुसून टाकला. गोव्यातील वारशाचा कायदा पोर्तुगीज संहितेच्या वेगळ्या वाटेने आला, म्हणून तेथील वाचकांना हा इतिहास परका वाटेल. पण स्मृतींचा संस्कार त्यांच्याही घरात होताच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून होते. ते २०१९ साली वगळण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात अपंगांचा विवाहाचा व कुटुंबाचा हक्क आणि आपली कलाशक्ती फुलविण्याचा हक्क हे दोन्ही नमूद झाले, आणि भारताने २००७ साली तो करार स्वीकारला. त्याला अनुसरून झालेल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने, ज्या प्रक्रियेने वंध्यत्व येते ती मनुष्याच्या संमतीवाचून त्याच्यावर करण्यास बंदी घातली. मनूने ज्या इच्छेचा केवळ एका वाक्यांशात उल्लेख केला होता, तिला अखेर कलमाचे संरक्षण मिळाले. आणि ह्या वेळी ते कन्येलाही मिळाले.

कलम मात्र न्यायालयात जाणाऱ्याच्या उपयोगी पडते. रोजच्या जीवनात मनुष्याला न्याय किंवा अन्याय मिळतो तो शेजाऱ्याच्या नजरेतून, आणि ती नजर घडविण्याचे काम आमच्या समाजात देवळाच्या मंडपाइतके दुसऱ्या कोणत्याही स्थळाने केलेले नाही. म्हणून देवस्थान समित्यांना आणि उत्सवी नाट्यमंडळांना आमची विनंती अगदी साधी आहे. रंगमंचावर चढण्यास पायऱ्यांबरोबर एक उतरणही असावी. पात्रे निवडताना गावातील अंध गायकाला, कुबड्यांच्या आधाराने चालणाऱ्या मुलीला बोलावावे, आणि बोलावताना विदूषकाचे काम त्यांच्यासाठी आधीच राखून ठेवू नये. पेंद्याला काल्यातून काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याशिवाय काला होणार नाही, आणि देवाची पंगतही अपुरी राहील. पण एखाद्या वर्षी खरोखरच लंगडणाऱ्या तरुणाला ते काम द्यावे, आणि गौळणीला त्याने काय म्हणावे ते त्याचे त्यालाच ठरवू द्यावे. मंडप त्याही वेळी हसेल. ते हसणे त्याच्याबरोबरचे असेल की त्याच्यावरचे, हे त्या दिवशी प्रेक्षकांना आपले आपणच कळेल.